मोटरच्या प्लेटवरचे 40, 80 आणि 155: आपल्या मे महिन्यात हे आकडे कसे वाचायचे

मागच्या मे मध्ये मामांची 10 एचपीची मोटर जळली. चोपडा तालुक्यात तापीकाठी केळी आहे त्यांची, मोटर नदीजवळ पत्र्याच्या खोलीत बसवलेली, आणि जळली ती पण दुपारी तीनला, म्हणजे केळीला पाणी थांबवून चालतच नाही अशा वेळी. फोनवर एवढंच म्हणाले, "भो, मोटर गेली, धूर निघाला." मी पोहोचलो तेव्हा खोलीत वॉर्निश जळाल्याचा वास भरलेला होता, तो वास एकदा नाकात गेला की माणूस विसरत नाही. मामांनी मला एकच प्रश्न विचारला, आणि तो अगदी बरोबर प्रश्न होता. म्हणाले, प्लेटवर 155 वाली मोटर आहे असं दुकानदाराने सांगितलं होतं, आपल्याकडे ऊन फार तर 45-46, मग जळली कशी?

मी डाळ मिलमध्ये मेंटेनन्स बघतो, रोज मोटरींशीच काम, आणि हा गैरसमज मला शेतात आणि मिलमध्ये सारखाच दिसतो. म्हणून नीट लिहितोय. हे कळायला इंजिनिअर असायची गरज नाही, बेरीज आली की झालं.

आधी प्लेट वाचता आली पाहिजे. आपल्याकडे मोटर एकदा भरून आली (म्हणजे आतली तारेची गुंडाळी, वायंडिंग, नवी करून आली) की वायंडिंगवाला तिला छान रंग मारून देतो आणि प्लेट पण रंगवून टाकतो. थिनरमध्ये फडकं भिजवून हळूहळू पुसा, पॉलिश पेपर घासू नका, अक्षरं जातात. रंग निघाला पण अक्षरं दिसत नसतील तर पांढरा खडू आडवा धरून प्लेटवर फिरवा आणि वरून हलक्या हाताने कोरडं फडकं मारा, खोदलेल्या अक्षरात खडू बसतो आणि आकडे उठून दिसतात. मग लगेच मोबाईलने फोटो काढून ठेवा. मामांच्या मोटरीवर रंगाचे दोन थर होते, ते निघाले तेव्हा खाली चार गोष्टी सापडल्या: एएमबी 40, इन्सुलेशन क्लास बी, ड्युटी एस1, आणि अँपिअर 14. म्हणजे 155 वाली मोटर ती नव्हतीच, पण ते पुढे सांगतो.

एएमबी म्हणजे अँबियंट, मोटरीच्या आजूबाजूच्या हवेचं तापमान. मोटरीचं नाही, हवेचं. बरेच जण 40 वाचून समजतात की मोटर 40 डिग्रीपर्यंत तापली तर चालेल, आणि हात लावून भाजलं की घाबरतात. त्या आकड्याचा अर्थ असा की कंपनीने हिशोब करताना धरलंय की मोटरीच्या पंख्याला जी हवा मिळणार ती जास्तीत जास्त 40 ची असेल. आयएस (भारतीय) आणि आयईसीच्या (आंतरराष्ट्रीय) स्टँडर्डमध्ये हाच 40 चा आकडा नेहमीचा धरलेला आहे, त्यामुळे प्लेटवर अँबियंट लिहिलेलंच नसेल तर 40 समजायचं. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच मोटरी 45 किंवा 50 अँबियंटला बनवलेल्या असतात, पण ते प्लेटवर छापलेलं पाहिजे, दुकानदाराच्या तोंडी नको.

आता आपला मे आठवा. जळगाव, भुसावळ, चोपडा, शिरपूर, सगळीकडे पारा 45 च्या आसपास, एखाद दिवशी वरच. आणि बातम्यांत सांगतात ते सावलीतलं, हवा खेळती असलेल्या जागेचं तापमान असतं. मामांच्या खोलीला वर पत्रा, तीन बाजूंनी भिंत, एक छोटी खिडकी आणि ती पण पोत्याने बंद केलेली. मी दुसऱ्या दिवशी दुपारी साधा भिंतीवरचा थर्मामीटर नेऊन मोटरीच्या पंख्याच्या जाळीपाशी टांगला, अर्ध्या तासाने 54 दाखवत होता. मोटर बंद असताना 54. म्हणजे बेरजेची पहिली ओळच प्लेटपेक्षा 14 ने जास्त.

दुसरी गोष्ट इन्सुलेशन क्लास. आतल्या तारेवरचं एनॅमल, स्लॉटमधला (तार बसते त्या खाचेतला) कागद, स्लीव्ह, वॉर्निश हे सगळं मिळून किती डिग्रीपर्यंत टिकणार ते हे अक्षर सांगतं. ए म्हणजे 105, ई म्हणजे 120, बी म्हणजे 130, एफ म्हणजे 155, एच म्हणजे 180. काही प्लेटवर 155 आणि कंसात एफ असं पण छापतात, एकच आहे ते. जुन्या मोटरींवर ई आणि बी सापडतात, नव्या थ्री फेजवर बहुतेक एफ असतो. हे आकडे वायंडिंगच्या सगळ्यात तापलेल्या जागेचे आहेत, बॉडीचे नाहीत, आणि बाहेरच्या उन्हाशी तर त्यांची थेट तुलनाच होत नाही. मामांची चूक इथेच होत होती, ते 155 समोर 46 ठेवून बघत होते आणि मधली मोठी रक्कम सुटत होती.

ती मधली रक्कम म्हणजे टेंपरेचर राइज. मोटर पूर्ण लोडवर चालली की वायंडिंग आजूबाजूच्या हवेपेक्षा किती वर जातं तो आकडा. प्लेटवर काही वेळा तो 80 के असा लिहिलेला असतो, तो के म्हणजे केल्विन, पण फरकच मोजायचा असल्यामुळे 80 के वाढ म्हणजे 80 डिग्रीच वाढ, घाबरायचं कारण नाही. स्टँडर्डप्रमाणे क्लास बी ला 80, एफ ला 105 आणि एच ला 125 पर्यंत वाढ चालते. यात अजून एक छोटी रक्कम येते. ही वाढ वायंडिंगच्या रेझिस्टन्सवरून काढलेली सरासरी असते, पण स्लॉटच्या मधोमध दाबून बसलेली तार सरासरीपेक्षा जास्त तापते, म्हणून तिच्यासाठी बी आणि एफ मध्ये 10 आणि एच मध्ये 15 वेगळे धरतात. आता बेरीज करून बघा, बी: 40 अधिक 80 अधिक 10, झाले 130. एफ: 40 अधिक 105 अधिक 10, झाले 155. एच: 40 अधिक 125 अधिक 15, झाले 180. बरोब्बर जुळतं, आणि एकदा हे जुळताना बघितलं की प्लेट परत कधी कोडं वाटत नाही.

आता मामांची बेरीज. खोलीतली हवा 54, क्लास बी ची वाढ 80, मधल्या गरम जागेचे 10, एकूण 144. इन्सुलेशनची सहनशक्ती 130. म्हणजे 14 डिग्री वर, आणि हे मोटर अगदी प्लेटएवढ्याच लोडवर चालतेय असं धरून. 14 जास्त झाले म्हणून मोटर त्याच दिवशी जळत नाही, हे पण समजून घ्या. इन्सुलेशन हळूहळू कडक होतं, तडकतं, आणि एक दिवस दोन तारा एकमेकींना लागतात. या धंद्यातला जुना ठोकताळा असा की मर्यादेच्या वर दर 10 डिग्रीला इन्सुलेशनचं आयुष्य अर्धं होतं. तो ठोकताळाच आहे, काट्यावरचं माप नाही, पण मी इतक्या वर्षांत जे बघितलं त्यावरून मला तो पटतो. दरवर्षी मे आला की त्या मोटरीचं वय दुपटीने वाढत होतं आणि ते कोणाला दिसत नव्हतं.

इथे एक फार कामाची गोष्ट, नवीन मोटर घेताना हीच बघा. बऱ्याच चांगल्या मोटरींवर इन्सुलेशन क्लास एफ आणि टेंपरेचर राइज मात्र बी किंवा 80 के असं लिहिलेलं असतं. बघणाऱ्याला वाटतं छपाईत चूक झाली, पण ती चूक नाही, तीच खरी कमाई आहे. आतला माल 155 सहन करणारा, पण मोटर तापते फक्त बी एवढीच. मामांच्याच खोलीत ती असती तर 54 अधिक 80 अधिक 10, 144 च, पण सहनशक्ती 155, म्हणजे तरी 11 डिग्री हातात शिल्लक. आणि मोटर एफ क्लासची पण राइज पण एफ ची असेल तर? 54 अधिक 105 अधिक 10, 169. परत 14 ने वर! म्हणून नुसतं "एफ क्लास आहे" ऐकून पैसे देऊ नका, राइज किती ते विचारा, प्लेटवर नसेल तर कंपनीच्या कॅटलॉगमध्ये असतं. आपल्या भागासाठी मी कोणालाही 50 अँबियंट, क्लास एफ, राइज बी हीच मोटर सांगतो, दोन पैसे जास्त गेले तरी.

मोटर 40 ची आहे आणि जागा गरम आहे, बदलणं शक्य नाही, तर लोड कमी करायचा. कंपन्यांच्या तक्त्यात थोडा फरक असतो पण साधारण 50 डिग्रीच्या हवेत 40 वाली मोटर 92-93 टक्के लोडवर ठेवायची असते. पंपाला हे जमवणं अवघड, त्यामुळे तिथे आधी खोली थंड करा.

प्लेटवर काही वेळा अल्टिट्यूड 1000 मीटर असं पण असतं. त्यापेक्षा उंचावर हवा विरळ होते आणि मोटर नीट थंड होत नाही. आपला जळगाव, धुळ्याचा सखल भाग त्याच्या कितीतरी खाली आहे, फक्त तोरणमाळला मोटर बसवणार असाल तर विचार करा, ते हजार मीटरच्या वर आहे.

ड्युटीकडे मात्र नीट बघा. एस1 म्हणजे सलग कितीही तास चालवा, तापमान एका जागी येऊन थांबतं. एस2 आणि पुढे 30 मिनिट असं असेल तर अर्धा तास चालवायची आणि पूर्ण थंड होऊ द्यायची, मगच परत. अशी मोटर कोणी स्वस्तात मिळाली म्हणून पंपाला लावली तर वरची सगळी बेरीज फुकट, कारण ती 80 ची वाढ त्या अर्ध्या तासापुरतीच सांगितलेली आहे.

आता लोडचं बोलू, कारण नुसत्या उन्हाने मामांची मोटर गेली असं मी म्हणणार नाही. प्लेटवर 14 अँपिअर. शेजारच्या मळ्यात तसाच पंप, तशीच मोटर चालू होती, तिला दुपारी टाँग टेस्टर (वायरीभोवती चिमट्यासारखं धरून करंट मोजायचं मीटर) लावला तर 16.5 अँपिअर. व्होल्टेज बघितलं तर 360 च्या आसपास, कारण लाइट आली की ऑटो स्विचमुळे सगळ्या मळ्यांवरच्या मोटरी एकदम उठतात आणि लाइनवर सगळा भार पडतो. पंपाला पाणी तेवढंच उचलायचं असतं, मग व्होल्टेज कमी मिळालं की मोटर करंट जास्त ओढते. आणि तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. 16.5 भागिले 14 म्हणजे 1.18, त्याचा वर्ग जवळजवळ 1.39. तांब्यात 39 टक्के जास्त उष्णता! मग 80 ची वाढ 80 राहते का? अजिबात नाही.

तिन्ही फेजचं व्होल्टेज सारखं नसेल तर ते अजून वाईट. समजा 400, 390 आणि 380 मिळालं. सरासरी 390, सगळ्यात जास्त फरक 10, म्हणजे 2.6 टक्के. दिसायला काहीच नाही, पण टेंपरेचर राइज साधारण त्या टक्केवारीच्या वर्गाच्या दुप्पट टक्क्यांनी वाढते, म्हणजे इथे 13 टक्के, 80 वर 10 डिग्री. तो वरचा दर 10 डिग्रीला अर्धं आयुष्यवाला ठोकताळा आठवतोय ना. म्हणून ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारी) साध्या, स्टार-डेल्टा नसलेल्या स्टार्टरमध्ये प्लेटच्या अँपिअरवरच ठेवा, सारखी ट्रिप होते म्हणून कोणी ती फुल फिरवून ठेवतं, कोणी बायपासच करतं, आणि मग मोटर जळेपर्यंत तिला कोणीच थांबवत नाही. मामांची 20 वर ठेवलेली होती. ट्रिप होतेय म्हणजे रिले खराब आहे असं समजायच्या आधी टाँग टेस्टर लावून बघा.

मोटर किती तापली हे हाताने ओळखायचा प्रकार सगळेच करतात. हात साधारण 55-60 च्या वर टेकवून ठेवता येत नाही, आणि चांगल्या एफ क्लास मोटरीची बॉडी उन्हाळ्यात 75-80 ला पण असू शकते, त्यात काही बिघाड नसतो. म्हणजे हाताने फक्त "कालच्यापेक्षा आज जास्त" एवढं कळतं. टेंपरेचर गन असेल तर बॉडीच्या रंगवलेल्या भागावर धरा, चकचकीत धातूवर धरली तर खोटं कमी दाखवते. आणि बॉडीपेक्षा आतलं वायंडिंग 20-30 डिग्री तरी वर असतं हे धरून चाला.

खरं मोजायचं तर रेझिस्टन्सने. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स ठरलेल्या प्रमाणात वाढतो, त्याचाच उपयोग करायचा. मी आमच्या मिलमधल्या एलिव्हेटरच्या (माल वर चढवणाऱ्या यंत्राच्या) मोटरीवर केलं ते सांगतो. सकाळी मोटर रात्रभर बंद होती, हवा 30, दोन टर्मिनलमधला रेझिस्टन्स 1.60 ओहम. मग चार तास लोडवर चालवली, बंद केली, आयसोलेटर (लाइन तोडायचा मेन स्विच) काढून कुलूप लावलं आणि लगेच त्याच दोन टर्मिनलवर परत मोजलं, 2.08 आलं. सूत्र असं: नवा रेझिस्टन्स भागिले जुना, गुणिले 235 अधिक सकाळचं तापमान, आणि त्यातून 235 वजा. 2.08 भागिले 1.60 म्हणजे 1.3. 1.3 गुणिले 265 म्हणजे 344.5. वजा 235, उरले 109.5. हे वायंडिंगचं सरासरी तापमान. त्या वेळी हवा 44 होती, म्हणजे वाढ 65.5, आणि गरम जागेचे 10 धरून आत साधारण 120. मोटर एफ क्लास, निवांत आहे. दोन गोष्टी सांभाळा. या साइजच्या मोटरीला बंद केल्यापासून अर्ध्या मिनिटात रीडिंग घ्यावं लागतं, नाहीतर ती थंड होत जाते आणि आकडा खोटा कमी येतो. आणि साधा मल्टिमीटर एवढा छोटा रेझिस्टन्स नीट दाखवत नाही, वायंडिंगवाल्याकडे ओहम मोजायचं चांगलं मीटर असतं ते मागून आणा. लाइनवर हात घालायची सवय नसेल तर वायरमनला बोलवा, हे काम एकट्याने करू नका.

मोठ्या मोटरींच्या टर्मिनल बॉक्समध्ये कधी दोन बारीक जास्तीच्या वायरी दिसतात, त्या वायंडिंगमध्ये पुरलेल्या थर्मिस्टरच्या (तापमान ओळखणाऱ्या सेन्सरच्या) असतात. त्यांचा रिले लावला तर आत तापमान चढल्यावर मोटर स्वतःहून बंद होते. पण मी किती ठिकाणी त्या टेप गुंडाळून सोडून दिलेल्या बघितल्यात, वाईट वाटतं. त्यांच्यावर मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासायचं मीटर) मात्र मारू नका, थर्मिस्टर उडतो.

मोटर भरायला टाकताना काय बोलायचं ते सांगतो, कारण प्लेटवरचं अक्षर आतला माल बदलला की खोटं होतं. प्लेट एफ ची आणि आत साधा लेदरॉइड कागद आणि कापडी स्लीव्ह असेल तर ती मोटर आता एफ राहिली नाही. साखळीतली सगळ्यात कच्ची कडी असेल तोच तिचा क्लास. तार ड्युअल कोट (एनॅमलचे दोन थर असलेली) मागा, स्लॉटला एफ क्लासचा डीएमडी (मध्ये पॉलिएस्टर फिल्म असलेला) कागद, फायबर ग्लासची स्लीव्ह, आणि वॉर्निश ओतून भट्टीत भाजलेलं, नुसतं ब्रशने लावून उन्हात वाळवलेलं नाही. भाव थोडा जास्त सांगतील, द्या. मामांची जुनी मोटर याआधी दोनदा भरलेली होती आणि आत काय काय निघालं हे बघून मला खात्री वाटली नाही की ती बी क्लासची तरी उरली होती.

बोअरच्या सबमर्सिबलला हा सगळा हिशोब जसाच्या तसा लावू नका. पाणी भरलेल्या मोटरीत तारेवर प्लास्टिकचं कव्हर असतं, ते 130-155 च्या आसपास पण जाऊ शकत नाही, आणि ती थंड होते बॉडीला घासून जाणाऱ्या पाण्याने. तिला ऊन मारत नाही, तिला गाळात रुतणं आणि पाणी संपल्यावर कोरडं चालणं मारतं. तिथे ड्राय रनचं प्रोटेक्शन लावा.

डाळ मिल, जिनिंग, पीठ गिरणीवाल्यांनी एक काम आठवड्याला करा, पंख्याची जाळी आणि बॉडीच्या पट्ट्या हवा मारून साफ. जिनिंगमध्ये रुईचे तंतू जाळीवर असे बसतात की गोधडीच पांघरल्यासारखं होतं, पंखा फिरतो पण हवा ओढत नाही. व्हीएफडीवर (मोटरीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर) मोटर हळू चालवत असाल तरी तोच प्रकार, शाफ्टवरचा पंखा पण हळू होतो.

मामांच्या खोलीचं शेवटी असं केलं. पोतं काढलं, पंख्याच्या बाजूला आणि समोर वरच्या अंगाला अशा दोन मोठ्या जाळ्या बसवल्या, पत्र्यावर केळीची वाळकी पानं आणि कडब्याचा हातभर थर टाकून दोरीने बांधला. तोच थर्मामीटर, तीच जागा, तसंच ऊन, आता 46. नवीन मोटर घेतली 50 अँबियंटची, एफ इन्सुलेशन, बी राइज. 46 अधिक 80 अधिक 10, 136. मर्यादा 155. रिले 14 वर लावली आणि स्टार्टरशेजारी भिंतीवर मामांनी स्वतः ऑइल पेंटने लिहून ठेवलंय: 14 अँपिअर, 50, 80, 155. आता दुपारी मळ्यात गेले की आधी थर्मामीटर बघतात, मग टाँग टेस्टर, आणि मीटरवर 15 च्या वर दिसलं की मोटर बंद करून पाणी रात्रीच्या पाळीवर ढकलतात.